फळ्याच्या काळ्या रंगावर

आमच्या शाळेतले फळे दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर काळे करत. त्या वर्षी रंगाचा अर्धा डबा उरला आणि शिपाईभाऊंनी तो चित्रकलेच्या खोलीत आणून ठेवला. "बाई, तुम्हाला लागेल," म्हणाले. मला कशाला लागणार होता? मी मुलींकडून एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी सुरई, दोन वांगी आणि घडी घातलेला रुमाल काढून घेणारी बाई. पण फुकट मिळालेली वस्तू टाकवत नाही, म्हणून तो डबा मी धुळ्याहून नरडाण्याच्या बसमध्ये दोन्ही पायांत धरून घरी आणला. रस्ता जसा होता तसाच होता. झाकणातून उसळलेल्या रंगाचा डाग माझ्या साडीच्या काठावर पडला, तो साडी विरेपर्यंत गेला नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. तेव्हा धुळ्यात नवं घर बांधलं की बैठकीत सीनरी लागायची. सीनरी म्हणजे निळं तळं, त्यात दोन हंस, काठाला नारळाची झाडं आणि मागे बर्फाचे डोंगर. ज्या गावात मे महिन्यात नळाचं पाणी ओंजळीत धरवत नाही तिथल्या भिंतीवर बर्फ. फ्रेमवाले सांगायचे तशा सीनऱ्या मीही काढल्या आहेत आणि प्रत्येक हंस काढताना मनातल्या मनात गिऱ्हाइकाला शिव्या घातल्या आहेत. माझा स्वभाव किरकिराच. आई असती तर तिने तो जरा घासून काढला असता, पण ती मी कॉलेजात असतानाच गेली. घरात आम्ही दोघं, मी आणि नाना.

नाना म्हणजे माझे वडील. ते रेल्वेत गेटमन होते. नरडाणा आणि शिंदखेड्याच्या मधल्या एका फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी यायची असली की फाटक लावायचं, हिरवी बत्ती दाखवायची, गाडी गेली की फाटक उघडायचं. आयुष्यभर माणूस एकाच ठिकाणी उभा राहिला आणि बाकी सगळं त्याच्यासमोरून गेलं. याचं त्यांना काही वाटत नसे. मला मात्र वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायची.

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी घरातला दिवा लागल्यावर नाना म्हणाले, "माय, दिवाले कडं पडेल शे." दिव्याभोवती त्यांना रंगीत कडं दिसत होतं. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "मोतीबिंदू असेल नाना. वय झालं. पिकू द्या, मग धुळ्याला काढून आणू."

आमच्याकडे मोतीबिंदू पिकावा लागतो असं सगळेच समजत. कच्चा काढला तर डोळा जातो म्हणत. शेजारच्या अक्कांनी त्यांचा तीन वर्षं पिकवला होता आणि त्या आता सुईत दोरा ओवून दाखवायच्या. त्यामुळे मी बोलले त्यात नवल काहीच नव्हतं. फरक एवढाच की अक्का शाळेत गेल्या नव्हत्या आणि मी शाळेत शिकवत होते. नानांनी माझा शब्द ऐकला. घरात शिकलेली मीच होते.

दोन वर्षं आम्ही पिकायची वाट पाहिली. मधूनमधून मी विचारायची, "कसं आहे?" नाना म्हणायचे, "पिकी राह्यना." पिकतोय. मग ते दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. ताटातली भाजी दिसायची, शेजारची वाटी दिसायची नाही. तेव्हा कुठे मी त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. बाहेरच्या बाकावर माझ्याच वर्गातली एक मुलगी तिच्या आजीला घेऊन बसली होती. दार उघडंच होतं. ती माझ्याकडे पाहून हसली आणि मीही बाईंसारखी हसले. डॉक्टर म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. हा पिकत नसतो, हा नजर खात जातो. जी गेली ती परत येत नाही. दोन वर्षं थांबायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "माझंच डोकं साहेब. मीच म्हटलं, पिकू द्यावा." घरात खान्देशी बोलणारा माणूस तिथे असा साहेबी मराठीत बोलला. डॉक्टर त्यांच्यावर रागावले. नानांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी शेजारी उभी होते आणि मी काहीही बोलले नाही. परतीच्या बसमध्येही नाही, घरी आल्यावरही नाही. रोज चार वेळा त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे, एवढंच मी करू लागले. बाकीचं माझ्या छातीत तसंच बसून राहिलं.

आणि त्याच दिवाळीत तो काळा रंग घरी आला.

सुट्टीत दुसरं काम नव्हतं. मी मांजरपाटाचं कापड लाकडी चौकटीवर ताणलं, त्यावर सरस फिरवला आणि वरून फळ्याचा रंग दिला. मुळात बघायचं एवढंच होतं की हंसांपेक्षा वेगळं काही आपल्याला जमतं का. वाळल्यावर ओट्यावर बसले, त्या काळ्यावर जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा पातळ हात फिरवला आणि चिंधीवर थोडा सफेदा घेऊन घासला. काळ्यातून एकदम धुकं वर आलं. चिंधी जरा दाबली तर ढग झाला, बोटाने आडवी पुसली तर लांबवरची जमीन झाली. झाडं काढावीच लागली नाहीत. जिथे हात लागला नाही तिथे काळं राहिलं, तीच बाभळी झाली.

एरवी पांढऱ्या कागदावर आपण अंधार काढत जातो. इथे अंधार आधीच होता, उजेड तेवढा आणायचा. तोही तेल ओलं आहे तोवर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत. विचार करत बसलं की रंग चिकट व्हायचा आणि धुक्याचं पीठ व्हायचं. माझ्यासारख्या चिडक्या बाईला ही पद्धत मानवली.

नाना खुर्ची टाकून भिंतीपाशी बसले होते. मी चौकट उचलून बाजूला ठेवायला लागले तर म्हणाले, "थांब. हाई काय शे? हाई माले दिखस."

मी चौकट पुन्हा त्यांच्यासमोर धरली. पांढऱ्या कागदावरचं त्यांना काही दिसत नसे. कागद नुसता डोळ्यांवर येतो म्हणायचे. वर्तमानपत्र त्यांनी केव्हाच सोडलं होतं. पण या काळ्यावरचा पांढरा त्यांना कळत होता. बांबूच्या नळीतून पाहावं तशी मान हलवत हलवत त्यांनी ते वीतभर धुकं पाहिलं. मग म्हणाले, "नदीवरनं धुकं शे. सकाळनी गाडीले असंच ऱ्हास."

त्या दिवसापासून ते आमचं रोजचं झालं. शाळा सकाळची होती. दुपारी घरी यायचं, जेवायचं, वह्या बघायच्या आणि ऊन उतरलं की ओट्यावर बसायचं. नाना खुर्चीवर, समोर चौकट, मध्ये मी. वीस मिनिटांत एक चित्र. ते झालं की मी बाजूला सरकायची आणि नाना सांगायचे काय दिसतं ते. मी त्यांच्या फाटकाचीच चित्रं काढायची. पावसाआधीचं आभाळ, ज्वारी कापून झालेलं रिकामं शेत, इंजिनाचा धूर, रुळांवरची ओल. चुकलं की नाना सोडत नसत. "सिग्नल तथा नही, उजवाकडे." मी सिग्नल पुसून उजवीकडे काढायची. फाटक काढलं की त्यांचा एकच प्रश्न, "उघडं शे का बंद?" बंद असलं म्हणजे गाडी येणार. उघडं असलं म्हणजे आता बिडी ओढायला हरकत नाही. मग उजेड गेला की म्हणायचे, "राहू दे, सकाय दखू." सकाय म्हणजे उद्या. उद्या पाहू.

आमच्याकडे त्या वेळेला झाकट पडली म्हणतात. ऊन गेलेलं असतं आणि दिवा लावला तर त्याचा उपयोग होत नाही. नाना सांगत, गेटमनला सगळ्यांत वाईट वेळ ती. बत्ती दाखवली तर ड्रायव्हरला नीट दिसत नाही आणि झेंडी दाखवली तरी दिसत नाही. माणसाने उभं राहून नुसती आशा करायची.

आता चूक सांगते. फळ्याचा रंग हा चित्राखाली द्यायचा रंग नव्हेच. खडू धरावा म्हणून तो खरखरीत केलेला असतो. तो वरचं तेल पिऊन टाकतो. संध्याकाळी झळाळणारं आभाळ सकाळी पाहावं तर राखेसारखं मेलेलं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं सफेदा खराब लागला. मग कळलं की कापडच सगळं गिळतं आहे. मी चकचकीत काळा ऑइलपेंट देऊन पाहिला, तर त्याच्यावर आभाळाची चमक पडायची आणि नाना म्हणायचे, "हाई भांडं शे का चितर?" म्हणून मी फळ्याच्या रंगावरच राहिले. चित्र ओलं आहे तोवरच पाहायचं, दुसऱ्या दिवशी त्याच कापडावर पुन्हा तेल फिरवायचं. खूप साचलं की वरून पुन्हा काळा हात. सव्वा वर्षात शेकडो चित्रं काढली आणि माझ्याजवळ त्यांतलं एक नाही.

मला तेव्हा त्याचं दुःख नव्हतं. उलट मी खूश होते. जी नजर मी घालवली तिचा थोडा हप्ता रोज फेडते आहे असं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. पण नानांनी "सिग्नल उजवाकडे" म्हटलं की त्या रात्री मला झोप लागायची. त्यांना दिसतं आहे, अजून दिसतं आहे, एवढंच मला हवं होतं. अक्का भाकरी घेऊन यायच्या तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर विचारायची, "नाना, आज काय काढलं?" आणि नाना सांगायचे.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांचं सांगणं सैल होऊ लागलं. सिग्नल चुकला तरी ते बोलेनात. मी मुद्दाम एकदा फाटकाच्या अलीकडचं नेहमीचं झाडच काढलं नाही, तरी नाना म्हणाले, "बराबर शे." मी सफेदा जास्त घालू लागले. धुकं गेलं, नुसता चुना राहिला. चित्रं वाईट व्हायला लागली आणि मी ती आणखी वाईट करत गेले, कारण जितकं ढोबळ काढीन तितकं दिसेल असं मला वाटे. दवाखान्यात न्यायची तारीख आली की नाना म्हणायचे, "शे तसं शे, कसाले जानं?" मीही जोर केला नाही. आत काय कळेल याची मला भीती वाटत होती.

पौषात एक आठवडा असा गेला की रोज ते एकच सांगत होते. सोमवारी मी पावसाचं आभाळ काढलं. नाना म्हणाले, "धुकं मस्त उतरनं." मंगळवारी ऐन दुपारचं रखरखीत शेत काढलं. "धुकं मस्त उतरनं." बुधवारी शाळेत माझं कोणाशी तरी वाजलं होतं, बसमध्ये उभ्याने आले होते, आणि डोक्यात तेच ते धुकं फिरत होतं. मला राग आला होता. आजारी माणसाचा राग येतो तसा, म्हणजे ज्याची नंतर लाज वाटते तसला.

एक कापड रविवारी काळं करून वाळत टाकलं होतं. ते मी समोर लावलं. तेलाची बाटली उघडली नाही, सफेद्याला हात लावला नाही. कोरडा ब्रश घेतला आणि त्या काळ्यावर खरखर खरखर फिरवला. डावीकडून उजवीकडे, मग वर, मग थोडं थांबून खाली. चिंधीही घासली. वीस मिनिटं झाली असतील तेव्हा बाजूला सरकले.

"नाना, सांगा."

नाना नेहमीसारखे पुढे वाकले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "फाटक शे," म्हणाले. "धुकं उतरेल शे. मालगाडी लांब उभी शे, सिग्नल भेटना नही तिले. आन् फाटकजोडे कोन तरी बत्ती लिसन उभं शे."

समोर नुसतं काळं कापड होतं. मला वाटलं होतं की पकडल्यावर मी काहीतरी बोलेन. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बरोबर."

रुळांकडून गाडीचा आवाज आला आणि गेला. मग नाना हळूच म्हणाले, "माय, आज तेलना वास नही उना."

मी ब्रश खाली ठेवला.

"कोरडा ब्रश व्हता ना?"

शाळेत लागल्यापासून मी घरातही शाळेचीच मराठी बोलायची. त्या दिवशी मात्र आईची भाषा तोंडात आली. "मंग बठ्ठं सांगं कसाले, नाना?" मग हे सगळं सांगितलंत कशाला?

"तू थांबेल व्हती ना," ते म्हणाले. "रोज थांबस. मी काय तरी सांगू म्हनीसन."

"कधीपाईन दिखत नही?"

"पोळापाईन."

पोळ्यापासून. बैलांच्या शिंगांना रंग द्यायला गल्लीतल्या पोरी माझ्याकडे ब्रश मागायला आल्या होत्या, त्या दिवसापासून. साडेचार महिने मी रोज संध्याकाळी एका आंधळ्या माणसासमोर चित्रं काढत होते आणि तो मला ती पाहून दाखवत होता. ब्रश कुठल्या बाजूला वाजतो, चिंधी किती वेळ घासते, मी कुठे थांबते, यावरून तो माझं चित्र जुळवत होता. आणि हे सगळं मला बरं वाटावं म्हणून.

मग ते बाहेर आलंच. "नाना, पिकू द्या असं मी म्हटलं होतं. तुम्ही नाही. तुमचे डोळे मी घालवले."

"माहीत शे माले," नाना म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"तुन्ही शाळानी पोर बसेल व्हती ना बाहेर. तिन्हासमोर तुले बोल लागता का?"

त्या मुलीला मी विसरून गेले होते. ती आपल्याकडे पाहून हसली, आपण हसलो, एवढंच मला आठवत होतं. नानांना त्या वेळी बाजूचं काही दिसत नव्हतं. तिने मला "बाई" म्हणून हाक मारली ती त्यांनी ऐकली असणार. आपली नजर गेली हे कळलं त्याच मिनिटाला या माणसाने माझी लाज सांभाळली होती, आणि मी त्या नजरेचं देणं सव्वा वर्ष रोज वीस मिनिटांच्या हिशेबाने फेडत बसले होते. मला रडू आलं. मी ते दाबलं नाही. नानांनी हात पुढे केला, पण तो माझ्या खांद्याऐवजी चौकटीला लागला आणि त्यांनी तो तिथेच राहू दिला.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "तेल काढ. वास येऊ दे."

मी बाटली उघडली. काळ्या कापडावर तेलाचा हात फिरवला, चिंधीला सफेदा लावला आणि घासायला लागले. काय काढायचं हे ठरवलं नव्हतं. हात सवयीने रुळांकडे गेला, मग आभाळाकडे. नाना डोळे मिटून बसले होते. आता उघडे ठेवायचं कारण नव्हतं.

"काय काढी राह्यनी?"

"फाटक."

"उघडं शे का बंद?"

मी कापडाकडे पाहिलं. ऊन केव्हाच गेलं होतं. पांढरं कुठे लागलं आणि काळं कुठे राहिलं, मला काहीच कळत नव्हतं. उघडं म्हटलं असतं तरी चाललं असतं, बंद म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"दिखत नही नाना," मी म्हणाले. "झाकट पडनी."

"मंग राहू दे," नाना म्हणाले. "सकाय दखू."